फुईला मुराळी पाठवा

वाचक भगिनीचे पत्र (थोडे संक्षिप्त करून):

मी 43 वर्षांची असून नोकरीनिमित्त पुण्यात राहते. माझे बालपण अमळनेर तालुक्यातील एका खेड्यात, आजोबा आणि फुई (म्हणजे आत्या) यांच्याजवळ गेले. मी 4 वर्षांची असताना वडील वारले. आईने धुळ्याला नर्सचे प्रशिक्षण घेतले आणि तिची नेमणूक धडगावकडील एका आरोग्य उपकेंद्रात झाली. तिथे आम्हा दोघा भावंडांना नेणे शक्य नव्हते, म्हणून पुढची 11 वर्षे आम्ही गावीच राहिलो. फुई लग्नानंतर तीनच वर्षांत सासरहून परत आली होती. शाळेतून घरी आले की ती चुलीजवळून हाक मारायची, “उनी का माय, जेवी ले पह्यले.” त्या हाकेवर मी मोठी झाले. आई महिन्यातून एकदा यायची, राजगिऱ्याचे लाडू आणायची आणि दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत निघून गेलेली असायची. दर दिवाळीला ती फुईसाठी लुगडे मात्र न विसरता आणायची.

पुढच्या वर्षी फुईला 75 वर्षे पूर्ण होतील. अमळनेरला हॉल घेऊन तिचा सत्कार करावा आणि आठवणींची एक छोटी पुस्तिका छापावी, असे मी ठरवले. पहिले पान लिहून आईला वाचून दाखवले. पहिलेच वाक्य होते, “माझी खरी आई म्हणजे माझी फुई.” आई काही वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मग मी कोण होते?” त्यानंतर तिने तो विषय काढलेला नाही. फुईला विचारले, तर तीही म्हणते, “घरना मानुसले कोनी हार घालस का?” त्यातच काकांची मुले गावातले घर विकायचे म्हणत आहेत. फुईने पूर्वी कधीतरी कुठल्या कागदावर अंगठा दिल्याचे तिला आठवते, पण तो कागद कसला ते तिला माहीत नाही. भाऊ म्हणतो, तिला सरळ पुण्याला घेऊन येऊ. फुईच्या पत्र्याच्या पेटीत आईची जुनी पत्रे अजून बांधून ठेवलेली आहेत, पण तिला वाचता येत नाही. मी काय करावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मला फुई दिसली, दुसऱ्या वाचनात तुमची आई दिसली, आणि ती दुसऱ्यांदाच का दिसावी, याचा विचार करता करता हे उत्तर लिहायला बसले आहे.

आधी त्या एका वाक्याविषयी बोलू. “माझी खरी आई म्हणजे माझी फुई” असे तुम्ही लिहिलेत, तेव्हा तुमच्या मनात फुईविषयीची कृतज्ञता होती, आईविषयीचा राग नव्हता, हे मला पत्रावरून स्पष्ट कळते. परंतु “खरी” हा शब्द एकटा येत नाही. तो उच्चारला की दुसऱ्या कोणावर तरी खोटेपणाचा शिक्का बसतोच, आणि तुमच्या घरात तो शिक्का बसण्यासाठी एकच व्यक्ती समोर होती. आईने विचारलेला प्रश्न मत्सरातून आलेला नाही. जिने 11 वर्षांचा दुरावा पोटच्या मुलांच्या भाकरीसाठी सोसला, तिने मुलीच्या तोंडून त्या वर्षांचा हिशेब ऐकला आणि त्यात आपले नाव कुठेच नाही असे तिला दिसले. ते वाक्य काढून टाका, आणि ते काढले आहे हे आईला सांगा. मात्र “तुझ्यासाठी काढले” असे म्हणू नका. “ते बरोबर नव्हते” एवढेच म्हणा.

आता तुमच्या पत्रातले दुसरे एक वाक्य पुन्हा वाचून पाहा: “दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत निघून गेलेली असायची.” चार-पाच वर्षांच्या मुलीला त्यातले जाणे तेवढे कळले. आज तुम्ही 43 वर्षांच्या आहात, तेव्हा त्यातले येणे जरा उलगडून पाहा. तुम्ही लहान असताना नंदुरबार हा वेगळा जिल्हाही नव्हता. तो 1998 साली झाला, त्याआधी धडगाव म्हणजे धुळे जिल्ह्याचे सातपुड्यातले अगदी टोक. तिथल्या उपकेंद्रातून निघून घाट उतरून शहाद्याला यायचे, सारंगखेड्याला तापी ओलांडून दोंडाईचा गाठायचे, तिथे सुरत-भुसावळ मार्गावरची पॅसेंजर पकडून अमळनेरला उतरायचे आणि अमळनेरहून मिळेल त्या गाडीने गावात यायचे. गाडी चुकली तर फलाटावर बसून राहायचे, पावसाळ्यात घाट बंद झाला तर निघायचेच नाही. एवढे करून तुमच्याजवळ एक रात्र झोपायचे आणि ड्युटी चुकू नये म्हणून पहाटे पुन्हा उलट्या वाटेला लागायचे. तुम्ही उठायच्या आत ती का निघायची, हे तिला एकदा विचारा. मला वाटते, पहिली गाडी हे त्याचे अर्धेच कारण असेल. रडणाऱ्या मुलीचे हात सोडवून निघणे तिला जमत नसावे.

लहान मुलाला घास भरवणारा हात दिसतो. डब्यात पीठ कोणी आणून टाकले, ते त्याला दिसत नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. मात्र मोठेपणी आठवणी लिहायला बसलो की आपण त्याच लहान डोळ्यांनी पाहिलेले लिहीत जातो आणि तेच पूर्ण खरे समजतो. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. माझे आजोळ चोपडा तालुक्यातले. माझे मामा दर जून महिन्यात आम्हा भावंडांच्या वह्या, पुस्तके आणि एकेक नवा सदरा-फ्रॉक घेऊन जळगावला यायचे, आणि आमचे शिक्षण झाले ते त्यांच्यामुळे झाले, असे आम्ही आयुष्यभर म्हणत आलो. मामा गेले, तेव्हा शोकसभेत मी पुष्कळ वेळ बोलले. मामी समोर बायकांत बसल्या होत्या. पुढे काही महिन्यांनी त्यांच्या घरी गेले असताना फडताळातल्या जुन्या वह्या चाळताना डेअरीच्या दुधाचा हिशेब हाती लागला. दर वर्षी मे महिन्याअखेरच्या दुधाच्या पगारापुढे आमच्या घरचे नाव लिहिलेले होते. मी विचारले, तेव्हा मामी अगदी सहज म्हणाल्या, “ती एक म्हैस तुम्हा पोरांच्या वह्यांचीच होती.” पहाटे चारला उठून त्या म्हशीची धार मामी काढत, तिचा चारापाणी मामी करत, आणि मी शोकसभेत त्यांचे नाव एकदाही घेतले नव्हते. मामींना त्याचे काही वाटले नाही असे त्या म्हणाल्या, पण मला ते आजही वाटते. सुदैवाने मामी पुढे बरीच वर्षे होत्या आणि मला ते त्यांना सांगता आले.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की पुस्तिका छापण्याआधी ती पेटी उघडा. तुमच्या पत्रात सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती जाता जाता शेवटी लिहिलीत. ज्या बाईला वाचता येत नाही, तिने भावजयीची पत्रे इतकी वर्षे बांधून का ठेवली असतील? ती पत्रे आजोबांनी तिला वाचून दाखवली असतील, उत्तरे कदाचित तुमच्याच चौथीतल्या हस्ताक्षरात गेली असतील. त्यांत पैशांचे, तापाचे, परीक्षेचे आणि कापसाच्या भावाचे उल्लेख असतील, आणि “पोरीला खोकला आहे, रात्री हळद-दूध द्या” अशी एखादी ओळही असेल. तुम्हाला मिळालेले ते हळद-दूध फुईच्या हातचे होते आणि सांगणे आईचे होते. त्या दोघींनी मिळून तुमचे बालपण चालवले, एकीने गावात राहून आणि दुसरीने गावापासून दूर राहून, आणि याचा लेखी पुरावा त्या पत्र्याच्या पेटीत आहे. ती पत्रे एकट्याने वाचू नका. आई आणि फुई दोघी समोर बसलेल्या असताना मोठ्याने वाचा. आईने लिहिलेले फुईने आजोबांच्या आवाजात ऐकले होते, आता तुमच्या आवाजात ऐकू द्या. मध्येच दोघी एकमेकींना दुरुस्त करतील, “तसं नव्हतं ते” म्हणतील. तेव्हा वाचणे थांबवा आणि त्या बोलतील ते टिपून घ्या.

टिपताना एक काळजी घ्या. फुईचे बोलणे अहिराणीत असेल, तर ते अहिराणीतच लिहा, पुणेरी करू नका. “जेवी ले पह्यले” या तीन शब्दांत जे आहे, ते “आधी जेवून घे” यात उतरत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक कळते. आपल्या खान्देशात याचे मोठे उदाहरण घरोघरी ठाऊक आहे. आसोद्याच्या लेक असलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांच्या ओठी आलेली गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यांच्याच बोलीत टिपून ठेवली, म्हणून 1951 साली बहिणाबाई गेल्यानंतरही ती उरली आणि 1952 साली पुस्तकरूपाने महाराष्ट्रासमोर आली. घरातल्या माणसांनी त्यांच्या बोलण्याकडे कान दिला नसता, तर ते सारे त्यांच्याबरोबरच गेले असते. तुमच्या फुईच्या बोलण्यातून गाणी निघतील असे मी म्हणत नाही. तिला सासरहून परत आल्यावर पहिल्या दिवशी कोणी काय म्हटले, पहिली भाकरी तिने कोणासाठी थापली, तुम्ही दोघे मुले तिच्या पदरात आलात तेव्हा तिला भीती वाटली की आधार वाटला, हे तिला आजवर कोणी विचारले आहे का? तुमच्या पत्रात तिने तुमच्यासाठी काय केले ते पुष्कळ आहे. तिच्या स्वतःच्या आयुष्याविषयी मात्र “सासरहून परत आली” या तीन शब्दांपलीकडे काही नाही. आजोबांचेही तसेच. परत आलेल्या मुलीला त्या काळी निमूटपणे घरात ठेवून घेणारा आणि विधवा सुनेला शिकायला धुळ्याला पाठवणारा माणूस साधा नव्हता. गाव काय बोलले असेल, याची कल्पना मी करू शकते. पुस्तिकेत त्यांना जागा द्या.

आता सत्काराविषयी. फुईचे म्हणणे ऐका. हॉल, व्यासपीठ, शाल आणि नारळ हे सारे परक्या माणसाचे उपकार फेडण्याचे मार्ग आहेत, आणि “घरच्या माणसाला कोणी हार घालतं का” असे म्हणताना तिला हेच सुचवायचे आहे. हार घातला की ती पाहुणी ठरते. शिवाय त्या व्यासपीठावर तुमच्या आईने कुठे बसायचे? ती खाली बसली तरी लोक तिच्याकडे पाहतील आणि वर बसली तरी पाहतील. तो कार्यक्रम रद्द करा.

त्याऐवजी मला दुसरे काही सुचवावेसे वाटते, आणि या उत्तरात मला सर्वांत मनापासून सांगायचे ते हेच. आपल्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सासुरवाशिणींचा सण. लेकींना आणायला मुराळी जातात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, लेक चार दिवस आईच्या घरी निवांत झोपते आणि तिला कोणी कामाला हात लावू देत नाही. तुमच्या घरीही काकांच्या मुली, गावातल्या मैत्रिणी आखाजीला येत असतील. त्या वेळी फुई काय करत होती, ते आठवून पाहा. ती चुलीपुढे बसून खापरावर पुरणपोळ्या टाकत असेल, पितरांची घागर भरत असेल आणि आलेल्या लेकींची उस्तवार करत असेल. जी बारा महिने माहेरीच राहते, तिला माहेरी बोलावणार कोण? ती त्याच घराची लेक, पण ती कुठून आलेलीच नसल्यामुळे त्या घरात तिची आखाजी कधी झालीच नाही. अर्ध्या शतकाहून अधिक काळ तिच्यासाठी कोणी मुराळी निघालेला नाही.

येत्या आखाजीला तो तुम्ही पाठवा. तुम्हाला मुलगा आहे की नाही, हे पत्रात नाही. असेल तर त्याला पाठवा, नसेल तर भावाच्या मुलाला किंवा मुलीला पाठवा. मुराळी मुलगाच असला पाहिजे असा हट्ट आता कोणी धरत नाही आणि धरू नये. त्याने गावी जाऊन एक रात्र मुक्काम करावा, दुसऱ्या दिवशी फुईला घेऊन निघावे आणि तिने पुण्यात तुमच्या घरी आठ-पंधरा दिवस माहेरवाशीण म्हणून राहावे. त्याच वेळी आईलाही बोलवा. तीही कुणाची तरी लेक आहे, आणि धडगावच्या त्या वर्षांत तिच्या वाट्याला किती आखाज्या आल्या असतील, हे विचारण्यासारखे आहे. पेटीतली पत्रे वाचायला याहून चांगला काळ मिळणार नाही.

तिला कायमचे पुण्याला आणावे, हा भावाचा विचार प्रेमाचाच आहे, पण तो तिच्यावर लादू नका. खेड्यात दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणाऱ्या माणसाला चौथ्या मजल्यावरची बंद दारे सोसत नाहीत. तिने आधी पाहुणी म्हणून यावे, पुन्हा परत जावे, पुन्हा यावे, आणि मग काय ते तिने स्वतः ठरवावे. तिची 75 वर्षे पूर्ण झाली की एसटीचा प्रवास तिला मोफत आहे, हे तिला आवर्जून सांगा. कोणाच्या खिशाला हात न लावता आपण निघू शकतो, हे कळले की अशी माणसे अधिक मोकळेपणाने निघतात. 70 वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न लावता 2024 पासून आयुष्मान योजनेत वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. तिचे ते कार्ड काढले नसेल, तर मुराळी गावी जाईल तेव्हा आधार कार्ड घेऊन ते काम करून यावे.

तिने परत जायचे, तर जायला घर हवे, आणि इथे मला थोडे कठोर बोलणे भाग आहे. ज्या बाईचा सत्कार करायला तुम्ही हॉल शोधत आहात, तिच्या डोक्यावरचे छप्पर विकण्याची बोलणी चालू आहेत, आणि तुमच्या पत्रात त्याला दोन ओळी मिळाल्या आहेत. आधी त्याकडे लक्ष द्या. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार मुलगी ही वडिलांच्या पहिल्या वर्गातल्या वारसांपैकी एक आहे, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. सासरी नांदली की परत आली, याने त्यात काही फरक पडत नाही. प्रश्न आहे तो त्या अंगठ्याचा. आपल्याकडे बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेण्याची रीत सर्रास आहे, आणि पुष्कळ जणींना आपण काय लिहून दिले ते कळतही नाही. तो कागद शेतजमिनीचा होता की घराचा, नोंदणीकृत होता की साध्या कागदावरचा, यावर सगळे अवलंबून आहे. ग्रामपंचायतीतून घराचा नमुना 8 चा उतारा आणि तलाठ्याकडून शेताचा सातबारा काढा, दुय्यम निबंधक कार्यालयात दस्ताचा शोध घ्या आणि ते सारे घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे जा. तिथे महिलांना उत्पन्न न पाहता विनामूल्य वकील मिळतो. हे सारे फुईला विश्वासात घेऊन करा. ती कदाचित म्हणेल, “भाऊबंदकीत वाईटपणा नको.” तिने तसे म्हटले तर तिचा मान राखा. मात्र तिला तिचा हक्क काय आहे ते कळलेले असावे, आणि सोडायचा असेल तर तिने तो कळून सोडावा. चुलत भावांशीही आधी घरात बसून बोला. फुई असेपर्यंत घराला हात लावायचा नाही, एवढे लेखी ठरले तरी बरेच झाले. त्यांनाही तिने कडेवर खेळवले असेलच.

पुस्तिकेचे पहिले वाक्य कसे असावे, असे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते. ज्या संध्याकाळी आई अमळनेरला गाडीतून उतरून घरी पोहोचायची, त्या संध्याकाळपासून सुरुवात करा. फुईने तिच्यासाठी काय रांधून ठेवलेले असे, दोघी ओट्यावर किती वेळ बोलत बसत, आणि तुम्ही कोणाच्या कुशीत झोपत होता, ते लिहा. तुम्हाला आठवत नसेल, तर त्या दोघींना आठवत असेल.

आखाजी वैशाखात आहे. सुट्ट्यांचे दिवस असतात आणि गाड्यांना गर्दी असते, म्हणून तिकिटे आधी काढून ठेवा. माहेरवाशिणीला लुगडे द्यावे लागते, ते घेण्यासाठी आईला बरोबर घेऊन जा. फुईला कोणता रंग आवडतो आणि कसा काठ चालतो, हे तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. आईला ठाऊक आहे.